एक्केचाळीस डब्या लेंड्या

दयानंदला भेकरांचं वेड लागलं ते मुळशीला राहायला आल्यावर. त्याआधी चौतीस वर्षं आम्ही दोघंही टेलिफोन खात्यात, एकाच इमारतीत नोकरीला होतो. लग्नाआधीपासून मी त्याला नावानंच हाक मारते आणि अजून मारते. त्या सगळ्या काळात त्यानं साधं मांजरसुद्धा घरात येऊ दिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर आम्ही धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, ‘रानमोहोर’ नावाच्या सोसायटीत बंगला घेतला. बावीस बंगले. त्यातले वीस सोमवार ते शुक्रवार कुलपात असतात, एक कधी विकलाच गेला नाही, आणि एकात आम्ही.

बंगल्यांच्या मधोमध एक एकराचं लॉन आहे. ते उतरत उतरत जंगलाच्या तारेपर्यंत जातं. तिथे पहाटे भेकरं यायची. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : भेकर म्हणजे शेळीएवढं, तांबूस रंगाचं हरीण. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. दयानंद साडेपाचला चहा घेऊन व्हरांड्यात बसायचा आणि एकेकाची नोंद करायचा. मी उठले की मला वाचून दाखवायचा. मी कांदा चिरत ‘हं हं’ करायचे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यातली एक मादी तारेपाशी मरून पडलेली सापडली. अंगावर जखम नाही, काही नाही. वनरक्षक आला, त्यानं जनावरांच्या डॉक्टरना बोलावलं. डॉ. शुभांगी नांदे गावच्या. घरची शेती अजून टिकवून असलेल्या थोड्या कुटुंबांपैकी एकातल्या. तिशीच्या असतील. स्कूटरवरून आल्या, गमबूट चढवले आणि तिथेच मादीचं पोट उघडून पाहिलं. मी गेले नाही. दयानंद गेला आणि तासाभरानं पांढराफटक होऊन परत आला.

“आशा, आत नुसते जंत होते. दोऱ्यासारखे, शेकडो. सगळं रक्त पिऊन टाकलं होतं त्यांनी.”

“अरेरे.”

“आणि ऐक. त्या म्हणाल्या, हेच जंत शेळ्यामेंढ्यांच्या पोटात असतात.”

एवढं बोलून त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. आमच्या वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, धनगरांची सहा घरं आहेत. तिथल्या सगुणाबाई मरगळ्यांकडे तीस शेळ्या आणि चार मेंढ्या. हा कुठे निघाला ते मला बरोबर कळलं, आणि याचा राग मला ठाऊक आहे म्हणून चपला घालून मीही मागोमाग निघाले.

सगुणाबाई शेळ्यांचं वाडगं झाडत होत्या. माझ्याच वयाच्या, पण काटक. दयानंदनं नमस्कारसुद्धा केला नाही.

“तुमच्या शेळ्यांमुळे आमचं भेकर मेलं.”

सगुणाबाईंनी खराटा बाजूला ठेवला. “ओ सायेब, शेरडं कुनाला मारत्यात व्हय?”

“जंत! तुमच्या शेळ्यांचे जंत त्यांना झालेत.”

“आसं?” त्या वाडग्यात शिरल्या आणि एका काळ्या शेळीला मानेला धरून बाहेर घेऊन आल्या. तिच्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज होती. “ही पिशवी बगा. हात लावून बगा, पानी भरलंय. दोन करडं गेली माजी म्हयन्याभरात. आदी आसलं काय बी नव्हतं. तुमची भेकरं खाली याया लागली, तवापासनं ह्ये सुरू झालं.”

“भेकरं माझी नाहीत!”

“मग ‘आमचं भेकर’ कोन म्हनलं आत्ता?”

हसू लपवायला मला पदर तोंडाला लावावा लागला. एवढ्यात शुभांगी डॉक्टर धापा टाकत चढण चढून आल्या. भेकराच्या पोटात जंत निघाल्यावर आसपासच्या शेळ्या बघायला त्या येणारच होत्या. दोघांनी एकदमच त्यांच्याकडे तक्रार मांडली. त्या वाडग्याबाहेरच्या दगडावर बसल्या, गमबुटातला खडा काढला आणि म्हणाल्या, “मला लेंड्या आणून द्या.”

“काय?” दयानंद म्हणाला.

“लेंड्या. ताज्या. भेकराच्या वेगळ्या, शेळ्यांच्या वेगळ्या, मेंढ्यांच्या वेगळ्या. कुठे सापडल्या तेही लिहून. जंतांची अंडी लेंड्यांत उतरतात, ती मला मोजता येतात. कुणाच्या पोटात किती जंत, ते मग बसल्या जागी कळेल. जंगलातल्या गोळा करायच्या म्हणजे वनखात्याची परवानगी लागेल, ते मी बघते.”

“मी आणतो,” दयानंद म्हणाला.

“ह्ये आननार? आन माज्याच शेरडांच्या आनून भेकराच्या म्हनून दिल्या तर? म्या आनते.”

“आणि तुम्ही उलटं केलंत तर?”

“मग दोघं मिळून आणा,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांना हे सगळं फार आवडलेलं दिसत होतं.

चार दिवसांनी परवानगीचं पत्र आलं. दयानंदनं औषधांच्या रिकाम्या डब्या धुऊन वाळवल्या, प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि पहिल्या दिवशी सगुणाबाई यायच्या आधीच सहा वाजता एकटाच जाऊन अकरा डब्या भरून आणल्या. व्हरांड्यात रांगेनं मांडल्या. “सगळ्या भेकराच्या,” तो म्हणाला. चेहरा असा, की शाळेत पहिला नंबर आलाय.

सगुणाबाईंनी पायरीवर बसून एकेक डबी उघडली.

“ही माज्या चांदीची. ही बी शेरडाचीच. ही सशाची. ही... ही लेंडी न्हाईच, वाळकं उंबार हाय.”

अकरापैकी भेकराची एकही निघाली नाही. मग त्यांनी त्याला तारेपाशी नेलं आणि गवतात बोट दाखवलं. “ह्या बगा. भेकराची लेंडी येका टोकाला निमुळती, पान्याच्या थेंबावानी. शेरडाची दोनी बाजूंनी गोल. सांबराची ह्याच्या तिप्पट. आता इसरू नका.”

तो विसरला नाही. दहा दिवस रोज सकाळी ते दोघं डोंगरात जात होते. एक माजी टेलिफोन अधिकारी, डोक्यावर टोपी, हातात नकाशा आणि चिमटा. पुढे सगुणाबाई, अनवाणी, हातात कोयता. मी तीन दिवस सोबत गेले. चढावर दयानंदचा गुडघा दुखायला लागला की सगुणाबाई त्याच्याकडे न बघता मधेच थांबायच्या आणि एखादं झाड दाखवायच्या. दम खाऊन झाला की पुढे. त्याच्या हे कधी लक्षात आलं नाही. घरी येऊन मला म्हणायचा, “किती झाडं ठाऊक आहेत गं त्यांना!”

नमुने थंड ठेवायचे होते. थंड म्हणजे माझ्या फ्रीजमध्ये. मी ठाम नाही म्हणाले. मग डॉक्टरांचा फोन आला. त्या इतक्या गोड बोलल्या, की भाज्यांचा कप्पा मी रिकामा करून दिला आणि दहा दिवस रोजच्या रोज भाजी आणून रोजच संपवली. त्या काळात आमच्याकडे पाहुण्यांनी फ्रीज उघडायला बंदी होती. निषादनं, म्हणजे आमच्या मुलानं, रविवारी येऊन उघडलाच. “आई, ‘मेंढी क्रमांक दोन, डाव्या शिंगाची’ हे काय आहे?” मी म्हटलं, “तुझ्या बाबांना विचार. आणि हात धू.”

पहिले तीन दिवस सगुणाबाई पायरीवरच चहा घ्यायच्या. चौथ्या दिवशी पातेलं उतू जातंय असं वाटून त्या धावत स्वयंपाकघरात आल्या आणि मग आतच बसायला लागल्या. मला ‘ताई’ म्हणू लागल्या. एक दिवस बाहेर पाहून म्हणाल्या, “ओ दाजी, तुमचा च्या निवतोय.” दयानंदनं मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय की काय. मग त्याला कळलं की दाजी म्हणजे तोच. त्या दिवशी त्यानं चहाला दोनदा नावाजलं.

एकूण एक्केचाळीस डब्या झाल्या. डॉक्टर त्या पौडच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पाच दिवसांनी स्कूटरच्या पुढ्यात मायक्रोस्कोपची पेटी घेऊन आल्या, कारण सगुणाबाईंनी बजावलं होतं, डोळ्यांनी बघितल्याबिगर पटायचं न्हाई.

जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. सगुणाबाईंनी एक डोळा मिटून दुसरा लावला.

“दिसतंय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“आगं बाई! दिसतंय की! लांबट हाय, आन आत द्राक्षं भरल्यावानी. ह्ये अंडं?”

“हे अंडं.”

“कुनाचं ह्ये?”

“तुमच्या काळ्या शेळीच्या पोटातल्या जंताचं. आता हे बघा.” त्यांनी काच बदलली. “हे भेकराच्या लेंडीतलं.”

सगुणाबाईंनी पुन्हा पाहिलं. “ह्ये बी तसंच! काय बी फरक न्हाई.” आणि मान वर करून त्या इतक्या मोठ्यांदा हसल्या, की मीही हसायला लागले. कशाला हसतोय ते मला ठाऊक नव्हतं. मग मीही पाहिलं. खरंच द्राक्षं भरल्यासारखं दिसत होतं. त्या एवढ्याशा गोष्टीनं पाच फुटी शेळीवाल्या बाईची दोन करडं नेली आणि आमच्या नवऱ्याची झोप.

“म्हणजे कुणी कुणाला दिले?” दयानंदनं मुद्द्याचं विचारलं.

“आधी कुणी दिले, ते नाही सांगता येत. आता दोघं एकमेकांना देताहेत, हे नक्की.” डॉक्टरांनी दयानंदचाच नकाशा टेबलावर पसरला. त्यावर त्यांनी लाल आणि हिरवे ठिपके काढले होते. “पण गंमत बघा. पलीकडच्या दरीतल्या भेकरांत जंत जवळजवळ नाहीतच. सोसायटीच्या जवळच्यांत भरमसाट. आणि सगुणाबाई, तुमचा सगळा कळप आजारी नाही. सात शेळ्या आणि दोन मेंढ्या, एवढ्यांतच खूप अंडी आहेत. बाकीच्या चांगल्या आहेत. ही नऊ जनावरं वेगळी कुठे चरतात का?”

सगुणाबाईंनी पदर सारखा केला. खिडकीबाहेर पाहिलं. मग टेबलावरचा नसलेला कचरा झाडला.

“सांगा की,” मी म्हटलं.

“आता ताई, काय सांगायचं...” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “उन्हाळ्याला वर नुसता धोंडा तापतो. गवात वाळून गेलेलं. आन हितं ह्ये हिरवंगार. मोळीला जाताना त्या कोपऱ्यातली तार म्याच जरा वर उचलून ठेवली व्हती. ही नऊ लई हुशार हायेत. रातच्याला गुपचूप शिरत्यात आन दाजी उठायच्या आत म्हागारी येत्यात. म्या बगून न बगितल्यावानी करते.”

दयानंदचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, आता हा भडकणार. पण डॉक्टर टेबलावर थाप मारून म्हणाल्या, “हेच! हेच तर हवं होतं मला.” आणि त्यांनी समजावून सांगितलं. लेंडीतल्या अंड्यांतून पिल्लं निघतात. डोळ्यांना न दिसणारी. ओल्या गवताच्या पात्यावर ती पाण्याच्या थरातून वर चढतात आणि जनावराच्या तोंडात जायची वाट बघतात. उन्हाळ्यात उघड्या डोंगरावर ती दोन दिवसांत वाळून मरतात. पण ज्या गवतावर बाराही महिने ओल असते तिथे ती मजेत राहतात. भेकरं तिथे लेंड्या टाकणार, शेळ्या ते गवत खाणार. शेळ्या टाकणार, भेकरं खाणार.

“चूक शेळ्यांचीही नाही आणि भेकरांचीही नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “या लॉनला पाणी किती वेळा देतात?”

आता खिडकीबाहेर बघायची पाळी दयानंदची होती.

“दोनदा,” तो म्हणाला. “पहाटे आणि संध्याकाळी.”

“सोसायटीचा नियम आहे?”

“बागसमितीचा ठराव आहे.”

“बागसमितीत कोण आहे?”

“मीच आहे,” दयानंद म्हणाला. “पूर्वी आठवड्यातून दोनदाच द्यायचे. भेकरं उन्हाळ्यातही यावीत म्हणून मीच...”

सगुणाबाई आधी गालातल्या गालात हसल्या, मग त्यांना आवरेना. “दाजी, म्हंजी जेवायला बोलावलं तुमी, आन दार उघडलं म्या!” दयानंद क्षणभर ओशाळून बसला आणि मग तोही हसायला लागला. इतका, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या मादीचं दुःख त्याला होतंच, अजून आहे. पण त्या दुपारी त्याच्या मनावरचं काहीतरी उतरलं, ते मला स्पष्ट दिसलं.

डॉक्टरांनी नऊ जनावरांनाच औषध पाजलं. सगळ्यांना सारखं पाजत राहिलं तर जंत औषधाला सरावतात, मग त्याचा उपयोग होत नाही, असं त्या म्हणाल्या. कुणाला पाजायचं ते ओळखायची खूण त्यांनी सगुणाबाईंना शिकवली : डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत बघायचं. लालभडक असली तर जनावर चांगलं. पांढरट असली तर जंत रक्त पिताहेत. सगुणाबाईंना ही विद्या एवढी आवडली, की त्यांनी टेपावरच्या सगळ्यांच्या शेळ्या तपासल्या, मग वॉचमनला तपासलं, मग मला.

“ताई, तुमी बी फिकट हायसा.”

“मला काय जंत झालेत?”

“ते डॉक्टर बगंल. पर रगत न्हाई तुमच्यात.”

मी हसण्यावारी नेलं. दयानंदनं मात्र मला ओढून पुण्याला नेलं. रक्त तपासलं तर खरोखर कमी निघालं, बरंच कमी. दम लागतो, तो मी वयावर ढकलत होते. गोळ्या सुरू झाल्या. सगुणाबाई रोज नाचणीची भाकरी पाठवायला लागल्या आणि खाल्ली की नाही ते पापणी ओढून बघायच्या.

राहिलं लॉन. रानातल्या भेकरांना काही धरून औषध पाजता येत नाही. ओल गेली तरच त्यांची सुटका होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. उन्हाळाभर लॉनचं पाणी बंद करायचं, असा ठराव दयानंदनं मांडला. गलका झाला. सात नंबरमधला निरंजन म्हणाला, “काका, सॉरी, पण आम्ही हे लॉन बघूनच इथे घर घेतलं. मेमध्ये माझ्या बहिणीचा साखरपुडा आहे. पिवळ्या गवतावर फोटो काढायचे?”

दयानंदनं नकाशा दाखवला, ठिपके समजावले. कुणी ऐकेना. तेवढ्यात मागून घंटी वाजली. सगुणाबाई दोन शेळ्या घेऊन सभेच्या मांडवात आल्या होत्या. मीच त्यांना बोलावलं होतं, दयानंदला न विचारता.

“ए दादा, हिकडं ये,” त्यांनी निरंजनला हाक मारली. “हिची पापनी वढ. आसं. काय रंग हाय?”

निरंजननं जपून अंगठा लावला. “लाल.”

“आता हिची. ही औषद दिल्याली हाय, तरी अजून भरून येतीया.”

तो वाकून बघत राहिला. “ही... पांढरीच आहे.”

“तुमच्या लानावर चरली ना ती. तिची चूक, माजी बी चूक. आता आमची तार आमी बांधलीया. तुमी पानी बंद करा.”

“आणि फोटो?” कुणीतरी मागून विचारलं.

“पावसात येवा की फोटू काडायला! समदा डोंगुरच लान व्हतोय.”

मांडवभर हशा उठला. निरंजनच्या बहिणीलाच ते पटलं. साखरपुडा त्यांनी ऑगस्टवर नेला. पंधरा विरुद्ध चार मतांनी ठराव मंजूर झाला, आणि हरलेल्या चौघांतल्या एका बाई जाताना विचारत होत्या, शेळीचं दूध मिळेल का.

एप्रिलमध्ये लॉन पिवळं पडलं, मग भुरकं. भेकरं यायची बंद झाली. आठ दिवस दयानंद साडेपाचला उठून त्या भुरक्या मातीकडे बघत बसला. मला त्याच्याकडे बघवेना. नवव्या दिवशी सगुणाबाईंनी कुंपणापलीकडून ओरडून विचारलं, “दाजी, खुर्चीत बसून रान बगायचं आसतं व्हय? चला वर!” मग तो रोज त्यांच्या कळपामागे जायला लागला. आता त्याचा गुडघा दुखत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याबद्दल बोलायला त्याला वेळ मिळत नाही.

मेच्या मध्याला डॉक्टरांनी पुन्हा लेंड्या मागितल्या. या वेळी मीही गेले. गोळ्यांनी म्हणा किंवा नाचणीनं, वरच्या टेपापर्यंत मी न थांबता चढले. सोसायटीजवळच्या जंगलातून आम्ही चौदा डब्या भरल्या. अंडी पार गेली नव्हती, पण फेब्रुवारीत जिथे शेकड्यांनी होती तिथे आता दहा-वीस. शेळ्यांची त्याहून कमी. डॉक्टर म्हणाल्या, पावसाळ्यात सगळाच डोंगर ओला होतो, तेव्हा पुन्हा जपावं लागेल. कळप उंच कातळावर न्यायचा, पाला तोडून घालायचा, पापण्या बघत राहायचं. सगुणाबाईंनी मान डोलावली. त्यांनी तो बेत आधीच करून ठेवला होता.

हे निकाल नंतर आले. त्या सकाळी मात्र आम्हाला अजून काहीच ठाऊक नव्हतं. डब्या भरून झाल्यावर आम्ही करवंदांच्या जाळीपाशी बसलो. करवंदं काळीभोर पिकली होती. दयानंद पानांच्या द्रोणात गोळा करत होता, सगुणाबाई थेट तोंडात टाकत होत्या. मी पाय पसरून नुसती बसले होते. समोरच्या झुडपात काहीतरी हललं. आधी मला वाटलं, शेळीच आहे. मग तिच्यामागून मांजराएवढं काहीतरी डुगडुगत आलं. अंगावर पांढरे ठिपके. मी सगुणाबाईंचा हात दाबला. दयानंदला हाक मारायची हिंमत झाली नाही; त्यानं आपणहून मान वर केली आणि तसाच थांबला, द्रोण हातात, तोंड निळंजांभळं.

भेकरानं आमच्याकडे पाहिलं. पिल्लानं आईच्या पोटाखाली तोंड घातलं आणि दूध प्यायला लागलं. दोन मिनिटं असतील. मग वरून कुठूनतरी दगड घरंगळला आणि दोघं जाळीत दिसेनाशी झाली.

“कशी तुकतुकीत व्हती, बगितली का?” सगुणाबाई कुजबुजल्या.

“मी पहिल्यांदा पाहिली,” मी म्हटलं. “मी आधी पाहिली हं, दयानंद.”

“हो,” तो म्हणाला. “लिहून ठेवतो, पूर्ण नावानं. आशालताला दिसलं.”

उतरताना ऊन चढलं होतं आणि तिघांनाही सपाटून भूक लागली होती. सगुणाबाईंनी आम्हाला खाली जाऊच दिलं नाही. चुलीवर भाकऱ्या पडत होत्या, सुनेनं हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला, आणि दयानंद जमिनीवर मांडी घालून बसला. गुडघ्यामुळे गेली सहा वर्षं तो तसा बसला नव्हता. चौथी भाकरी मागताना त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं.